विद्युत्-परिपथाचे शिक्षण : कृती आणि परिभाषा यांचा अनुक्रम

१. प्रश्नाचे स्वरूप

विजेरीत घालावयाचा दीड व्होल्टचा एक घट, विजेरीतीलच एक लहान दिवा आणि वीतभर तांब्याची तार एवढे साहित्य एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावे आणि दिवा लावून दाखविण्यास सांगावे. काम क्षुल्लक वाटते. तथापि ज्याने ओहमचा नियम तोंडपाठ केला आहे आणि रोधांची उदाहरणे अचूक सोडविली आहेत असा विद्यार्थीही येथे पुष्कळदा अडखळतो. तो तारेचे एक टोक घटाच्या वरच्या टोपीला लावतो, दुसरे दिव्याच्या बुडाला टेकवितो, आणि दिवा का लागत नाही म्हणून घटच संपला आहे की काय ते पाहू लागतो. हा अनुभव केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेतील हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्राने १९९७ मध्ये प्रसृत केलेल्या एका शैक्षणिक चित्रपटात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या नवपदवीधरांपुढे हेच साहित्य ठेवण्यात आले होते. त्यांतील काहींना दिवा लावता आला नाही.

हा पदार्थविज्ञानाच्या अध्यापकांचा प्रश्न आहे. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, अशी शंका वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. तिचे उत्तर असे की, विद्यार्थ्याने केलेली ती एका तारेची जोडणी म्हणजे त्याने जन्मभर ऐकलेल्या एका वाक्याचे चित्र होय. 'लाईट तारेतून येते' हे ते वाक्य. ते बोलताना कोणी चूक करीत नाही. परंतु त्याचे यंत्र बनवू गेल्यास ते चालत नाही. बोलभाषेतील वाक्य, पाठ्यपुस्तकातील संज्ञा आणि हाताने केलेली जोडणी या तिहींचा परस्परांशी संबंध काय, आणि अध्यापनात त्यांचा क्रम कोणता असावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. बोलभाषेतील वीज

'वीज' हा शब्द संस्कृत 'विद्युत्' पासून प्राकृत 'विज्जु' या रूपाच्या द्वारे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ आकाशातील वीज असा आहे. ती चमकते, कडाडते आणि पडते. वरून येते, खाली जाते, आणि तिचे परत जाणे कोणी पाहिलेले नसते. यंत्रयुगातील नव्या शक्तीला आपण हेच नाव दिले. इंग्रजीतील शब्दाचा उगम ग्रीक भाषेतील 'अंबर' या अर्थाच्या शब्दात आहे, कारण घासलेल्या अंबराने हलके कण ओढले जातात हे प्राचीनांना ठाऊक होते. मराठीने मात्र आकाशाकडे पाहिले. उर्दूनेही तेच केले. 'बर्क' म्हणजे आकाशातील वीज, आणि विद्युत्-धारेस तेथे 'बर्की रौ' म्हणतात.

या नामाबरोबर येणारी क्रियापदे पाहावीत. वीज येते, जाते, तोडली जाते. पुरवठा या अर्थी 'लाईट गेली' असे बहुधा स्त्रीलिंगी बोलले जाते आणि दिवा या अर्थी 'लाईट लावला' असे पुल्लिंगी. करंट बसतो, लागतो, पावसाळ्यात भिंतीत किंवा पत्र्यात उतरतो. मोटार जास्त वीज ओढते. महिन्याला इतकी युनिटे जळतात. 'उगीच लाईट जाळू नकोस' असे वडीलधारी माणसे सांगतात. या सर्व प्रयोगांत वीज हा एक पदार्थ आहे. तो कोठून तरी येतो, उपकरणात पोहोचतो आणि तेथे संपतो. 'परत जाणे' किंवा 'फिरणे' या अर्थाचे क्रियापद विजेच्या संदर्भात मराठी बोलभाषेत जवळजवळ आढळत नाही. 'वीज गेली' यातील जाणे हे परतणे नव्हे, नाहीसे होणे होय.

व्यवहारही या भाषेला दुजोरा देतो. घरातील दिव्याच्या दोन तारा एकाच वेष्टनात गुंडाळलेल्या असल्यामुळे डोळ्यांना एकच तार दिसते. काही ठिकाणी शेतात फेजची एक तार आणि जमिनीत रोवलेली लोखंडी सळई एवढ्यावर दिवा लावण्याचा अत्यंत धोक्याचा प्रकारही चालतो. तेथे परतीची वाट जमिनीतून असते, ती दिसत नाही, म्हणून एका तारेवर दिवा लागला असे पाहणाऱ्याला वाटते.

विद्यार्थ्यांच्या अशा कल्पनांचा अभ्यास इतरत्र पुष्कळ झाला आहे. न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑस्बर्न यांनी आणि इंग्लंडमध्ये डेव्हिड शिपस्टोन यांनी १९८० नंतरच्या दशकात मुलांच्या मनातील परिपथाची चित्रे तपासली. त्यांत पुन्हापुन्हा आढळणारे चुकीचे प्रकार तीन. पहिल्यात एकच तार काम करते, दुसरी निरुपयोगी असते. दुसऱ्यात घटाच्या दोन्ही टोकांकडून दोन धारा निघतात आणि दिव्यात त्यांची टक्कर होऊन प्रकाश पडतो. तिसऱ्यात धारा फिरून येते खरी, पण वाटेतील प्रत्येक दिवा तिचा काही भाग खाऊन टाकतो. ही मुले मराठी बोलणारी नव्हती. म्हणून हा दोष मराठीचा आहे असे म्हणणे सर्वस्वी चुकीचे ठरेल. इंग्रजीतही वीज वापरली जाते आणि संपते. म्हणावयाचे ते इतकेच की प्रत्येक भाषेची बोली आपल्या परीने हा गैरसमज पोसते, आणि ती कोणत्या शब्दांनी पोसते हे मराठी शिकविणाऱ्याला मराठीतच शोधावे लागेल.

३. परिभाषेची पारदर्शकता

बोलभाषेची ही उणीव परिभाषा भरून काढते अशी आपली सामान्य समजूत असते. ती काही अंशी खरी आहे. 'परिपथ' हा शब्दच पाहावा. 'परि' म्हणजे सभोवार, 'पथ' म्हणजे वाट. जी वाट फिरून मूळ ठिकाणी येते ती. लॅटिनमधून आलेल्या इंग्रजी शब्दाचाही मूळ अर्थ सभोवार जाणे असाच आहे. बोलभाषेत जे नाही ते नेमके या शब्दात आहे. विश्वकोशासारख्या ग्रंथांत याच अर्थी 'विद्युत् मंडल' अशी संज्ञा योजिली आहे. तीही अर्थाने निर्दोष आहे, कारण मंडल म्हणजे वर्तुळ. परंतु १९६० मध्ये स्थापन झालेल्या आणि २००५ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांत विभागल्या गेलेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळामुळे 'विद्युत' आणि 'मंडळ' हे शब्द एकत्र उच्चारले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बिल, खांब आणि कार्यालय उभे राहते, वर्तुळ नव्हे. ल आणि ळ यांतला भेद येथे फार दुबळा ठरतो. शालेय पुस्तकांतून 'परिपथ' रूढ झाला हे या दृष्टीने इष्टच झाले.

'चलित्र' आणि 'जनित्र' या जोडीचे उदाहरण याहून उद्बोधक आहे. पाणिनीने एका सूत्रात (३.२.१८४) ऋ, लू, धू, सू, खन्, सह् आणि चर् या सात धातूंना साधन या अर्थी 'इत्र' प्रत्यय सांगितला आहे. ज्याने खणावयाचे ते खनित्र, ज्याने कापावयाचे ते लवित्र. त्या सातांत चल् नाही आणि जन् ही नाही. आधुनिक परिभाषाकारांनी त्याच धर्तीवर चालविणाऱ्या यंत्रास चलित्र आणि वीज उत्पन्न करणाऱ्या यंत्रास जनित्र म्हटले. संस्कृतज्ञाला ही रचना तत्काळ कळते. परंतु विहिरीवरच्या मोटारीला चलित्र म्हणतात हे आठवीतील मुलाला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि सांगितल्यावर त्याला मोटारीविषयी अधिक काही कळले असेही होत नाही. शब्दाची पारदर्शकता आणि वस्तूचे आकलन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या प्रश्नाशी आपल्या शहराचा जुना संबंध आहे. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने आधुनिक शास्त्रांचे उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचे धाडस केले. त्यासाठी आदल्याच वर्षी भाषांतर-संस्था उभी राहिली होती. मौलवी अब्दुल हक यांच्या नेतृत्वाखालील अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे कार्यालय त्या काळी औरंगाबादेत, म्हणजे २०२३ मध्ये ज्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले त्या आपल्या शहरात होते. वहीदुद्दीन सलीम यांचा परिभाषानिर्मितीवरील 'वझ-ए-इस्तिलाहात' हा ग्रंथ याच संस्थेने १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, १९६० मध्ये राज्याचे भाषा संचालनालय निघाले, आणि तेच कार्य मराठीत सुरू झाले. दोन भाषांतील या दोन प्रयत्नांत बराच भेद आहे. पण एक गोष्ट समान आहे. दोहोंतही विद्वानांनी संज्ञा प्रथम सिद्ध केली, आणि तिचा उपयोग करणारा पुढे निर्माण होईल असे गृहीत धरले.

विज्ञानाच्या इतिहासात हा क्रम नेहमी असा नव्हता. १८२० मध्ये अर्स्टेड यांना धारा वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसूची हललेली दिसली. १८२१ मध्ये मायकेल फॅरडे यांनी पाऱ्याच्या भांड्यात तारेचे टोक सोडून ती चुंबकाभोवती सतत फिरती ठेवली. विद्युत्-शक्तीपासून अखंड फिरणे मिळविण्याची ही सुरुवात होय. फॅरडे पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेले, शालेय शिक्षण बेताचेच झालेले. पुढे विद्युत्-विच्छेदनाचे प्रयोग करताना त्यांना जुने शब्द अपुरे पडू लागले, तेव्हा १८३४ मध्ये त्यांनी केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांचा सल्ला घेतला आणि त्यातून अ‍ॅनोड, कॅथोड, आयन इत्यादी संज्ञा रूढ झाल्या. म्हणजे तेथे आधी प्रयोग झाला, मग शब्दाची उणीव भासली, आणि शेवटी भाषेचा जाणकार बोलावला गेला. शाळेतही हाच क्रम असावा, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

४. चार कृती

प्रारंभी दिलेल्या साहित्यापासूनच सुरुवात करावी. घटाखेरीज दुसरा कोणताही वीजपुरवठा या कृतींत वापरू नये, भिंतीवरील २३० व्होल्टच्या सॉकेटाला तर मुळीच हात लावू नये. घटाची दोन टोके नुसत्या तारेने अधिक वेळ जोडून ठेवल्यास तार तापते, हेही आधी सांगावे.

पहिली कृती एका दिव्याची. विद्यार्थी अनेक जोडण्या करून पाहतो आणि अखेरीस दिव्याचे बूड घटाच्या टोपीवर ठेवून, घटाच्या तळापासून निघालेली तार दिव्याच्या धातूच्या बाजूला टेकवितो, तेव्हा दिवा लागतो. येथे त्याला दोन गोष्टी एकदमच कळतात. दिव्याला दोन जागा आहेत, एक बुडाशी आणि एक बाजूला. आणि घटापासून निघालेली वाट दिव्यातून जाऊन घटाकडेच परत आली पाहिजे. लागलेल्या दिव्यावरून बोट फिरवून त्याने ती वाट दाखविली की मग शिक्षकाने सांगावे : या वाटेला परिपथ म्हणतात. आता हा शब्द पोकळ राहत नाही. बोटाने जी वाट काढली तिचेच ते नाव असते.

दुसरी कृती दोन सारख्या दिव्यांची. ते एकामागून एक, म्हणजे एकसर, जोडावयाचे. कळ दाबण्यापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहावा : कोणता दिवा अधिक उजळेल? धारा वाटेत खर्च होते असे मानणारे पहिल्या दिव्याच्या बाजूने कौल देतात. प्रत्यक्षात दोन्ही सारखेच, पण एकट्या दिव्यापेक्षा मंद लागतात. क्वचित दिवे नेमके सारखे नसल्यामुळे एक मंद दिसतो. अशा वेळी त्यांच्या जागा बदलाव्यात. मंदपणा दिव्याबरोबर जातो, जागेवर राहत नाही. बोलभाषेतील 'जळते' या क्रियापदाची परीक्षा येथे होते. धारा जळत नाही. जेवढी जाते तेवढी परत येते. घटातील रासायनिक ऊर्जा मात्र प्रकाशात आणि उष्णतेत रूपांतरित होऊन कमी होत जाते. 'धारा' आणि 'ऊर्जा' या दोन संज्ञांची गरज या क्षणी निर्माण होते, कारण 'वीज' या एकाच शब्दाने आजवर दोहोंचे काम चालविले होते. त्यानंतर तेच दिवे समांतर जोडावेत, आणि एक काढला तरी दुसरा का लागतो हे विचारावे. घरातील जोडणी कोणत्या प्रकारची, हे मग विद्यार्थी स्वतःच सांगतो.

तिसरी कृती विद्युत्-चुंबकाची. लोखंडी खिळ्यावर वेष्टनयुक्त तांब्याच्या तारेचे वेढे गुंडाळून धारा सोडली की खिळा टाचण्या उचलतो, आणि धारा तोडली की त्या गळून पडतात. चौथी कृती मोटारीची. ती रद्दी साहित्यातून करण्याची एक सोपी रीत अरविंद गुप्ता यांनी लोकप्रिय केली. त्यांनी टाकाऊ वस्तूंतून वैज्ञानिक खेळणी करण्याच्या कार्याला अनेक वर्षे वाहून घेतले, आणि पुण्याच्या आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते दीर्घ काळ काम करीत होते. घटाच्या दोन टोकांना रबराच्या पट्टीने दोन सेफ्टी पिना बसवावयाच्या. इनॅमलच्या तारेचे दहा-पंधरा वेढ्यांचे कडे करून तिची दोन्ही टोके पिनांच्या छिद्रांत अडकवावयाची, आणि घटावर एक चपटे चुंबक ठेवावयाचे. कडे किंचित ढकलले की ते फिरू लागते.

येथे प्रस्तुत लेखकाने स्वतःची फजिती नमूद करावी हे बरे. अशी मोटार पहिल्यांदा करताना मी तारेच्या दोन्ही टोकांवरील इनॅमल चाकूने सर्व बाजूंनी नीट खरवडून काढले. कडे अर्धा फेरा फिरले, मागे आले, पाळण्यासारखे झोके घेऊन थांबले. शेजारच्या बाकावरील आठवीतील मुलीने माझी तार हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, "सर, एका टोकाची अर्धीच बाजू खरवडायची असते." तिचे कडे फिरत होते, माझे नव्हते; आणि दिक्परिवर्तक या संज्ञेची व्याख्या आम्हां दोघांपैकी मलाच पाठ होती.

त्या अर्ध्या खरवडण्याचे कारण असे. धारा वाहणाऱ्या कड्यावर चुंबकामुळे जी प्रेरणा पडते ती कड्याला अर्ध्या फेऱ्यापर्यंत एका दिशेने फिरविते. कडे उलटे झाले की तीच प्रेरणा त्याला मागे ओढू लागते. एका टोकाची अर्धीच बाजू उघडी असेल, तर नेमक्या या दुसऱ्या अर्ध्या फेऱ्यात इनॅमल पिनेला टेकते, धारा तुटते, आणि कडे आपल्या गतीनेच पुढे जाते. पुन्हा तांबे टेकले की पुन्हा ढकलले जाते. खऱ्या मोटारीत याहून पुढची युक्ती असते. धारा नुसती तोडण्याऐवजी प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला तिची दिशाच उलट केली जाते, म्हणजे दोन्ही अर्ध्या फेऱ्यांत ढकलणे एकाच बाजूला होते. हे काम दोन भागांत दुभंगलेले धातूचे कडे करते. त्याचेच नाव दिक्परिवर्तक. ज्याची मोटार एकदा झोके घेऊन थांबली आहे, त्याला हा अवघड शब्द फार दिवस अवघड वाटत नाही.

५. साम्योक्तीची निवड

धारा समजावून देताना शिक्षक पाण्याची उपमा देतात. 'धारा' आणि 'प्रवाह' हे शब्दच पाण्याचे असल्यामुळे ती सहज सुचते. या शहरात तर तिला प्रत्यक्ष आधार आहे. मलिक अंबरच्या काळापासून येथे नहरींनी पाणी आणले गेले, आणि पाणचक्कीत मातीच्या नळांनी आलेले पाणी उंचावरून पात्यांवर पडून जाते फिरवीत असे. पाण्याची उंची आणि विभवांतर, पाण्याचा ओघ आणि धारा, जाते आणि मोटार अशी तुलना करता येते, आणि ती उपयुक्तही आहे. परंतु पाणचक्कीचे पाणी हौदातून पुढे निघून जाते. नहरीच्या मुखाशी परत येत नाही. विद्यार्थ्याच्या मनात जो गैरसमज आधीच आहे, तोच ही उपमा पक्का करते.

डेड्रे गेंटनर आणि डोनाल्ड गेंटनर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या प्रश्नाचा प्रायोगिक विचार केला आहे. विजेला वाहते पाणी मानून विचार करणारे आणि तिला दारांतून जाणारी गर्दी मानून विचार करणारे, यांची उत्तरे त्यांनी ताडून पाहिली. पहिल्यांना घटांच्या जोडणीचे प्रश्न सोपे गेले, दुसऱ्यांना रोधांचे. साम्योक्ती ही केवळ अलंकार नसून अनुमानाचे साधन आहे, हा त्यातील निष्कर्ष भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात घ्यावा.

आपल्याकडे सायकलची साखळी ही उपमा अधिक निर्दोष ठरते असे वाटते. पायडलाशी जोर लावला की मागचे चाक तत्काळ फिरते. पण त्यासाठी पुढच्या चक्राजवळील कडी मागे पोहोचण्याची वाट पाहावी लागत नाही, कारण सर्व कड्या एकदम सरकतात. तारेतील विद्युत्-कणांची सरासरी गती सेकंदाला मिलिमीटरच्या अंशाइतकी मंद असूनही दिवा कळ दाबताच का लागतो, याचा उलगडा यातून होतो. साखळीची एकही कडी चाकात खर्च होत नाही, तरी पायांचा जोर चाकाला मिळतो. आणि साखळी एका ठिकाणी तुटली तर सर्वच थांबते.

६. कामाची शाळा आणि कामाचे शब्द

या विचाराला महाराष्ट्रात पूर्वपरंपरा आहे. १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी उत्पादक कामाच्या द्वारे शिक्षण ही कल्पना मांडली. तिच्याशी नाते सांगणारा पुढचा महत्त्वाचा प्रयोग पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे झाला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी उद्योगक्षेत्रातील संशोधनाचे काम सोडून १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. त्यातून शाळांसाठी निघालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन असे त्याचे विभाग आहेत. घरातील वीजजोडणी हा तेथे धड्याचा विषय नसून गावातील एखाद्या खोलीत करून द्यावयाचे काम असते. काम चुकले तर गुण जात नाहीत, दिवा लागत नाही. ही परीक्षा अधिक कठोर आणि अधिक प्रामाणिक आहे.

दुसरीकडे, १९७४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात प्रा. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी पाठ्यपुस्तकांच्या भाषेचा विद्यार्थ्यांच्या आकलनावर होणारा परिणाम अभ्यासिला, आणि वंचित स्तरांतील मुलांच्या मार्गात विषयाच्या आधी भाषाच आडवी येते, याकडे लक्ष वेधले. पाबळ येथे हाताचा विचार झाला, मुंबईत भाषेचा. या दोन धाग्यांची गाठ बांधणे हे आपल्यासारख्या विभागांचे काम आहे.

ते करताना तिसऱ्या एका भाषेकडे दुर्लक्ष होऊ नये. ती म्हणजे कारागिराची. मराठवाड्यातील शेतकरी बोलतो, "डीपी जळाली", "एक फेज गेला", "मोटार जळाली, भरायला टाकली". रोहित्राला डीपी म्हणणे शास्त्रीय दृष्ट्या सैल आहे. परंतु 'मोटार भरणे' हा प्रयोग पाहावा. जळालेली तार काढून पोलादी खाचांत नव्या तारेचे वेढे भरावयाचे, ही क्रिया त्या एका शब्दात पूर्ण आली आहे. 'मोटार जळणे' हेही येथे अक्षरशः खरे आहे. तीन फेजवर चालणाऱ्या मोटारीचा एक फेज गेला आणि ती तशीच भाराखाली चालू राहिली, तर उरलेल्या वेढ्यांतून प्रमाणाबाहेर धारा जाते, ते तापतात आणि तारेवरील वेष्टन जळून जाते. 'युनिट जळाले' यातील जळणे आणि 'मोटार जळाली' यातील जळणे यांत हा भेद आहे. तो वर्गात दाखवून दिला, तर विद्यार्थी आपल्या बोलीला लाजणार नाही आणि तिच्यावर आंधळा विश्वासही ठेवणार नाही.

७. समारोप

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, विज्ञान पुढे इंग्रजीतूनच शिकावयाचे असल्याने ही खटपट व्यर्थ आहे. त्याला उत्तर प्रारंभीच्या चित्रपटात आहे. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, त्यांचाही दिवा लागला नाही. माध्यम बदलल्याने चित्र बदलत नाही. दुसरा आक्षेप वेळेचा. चार कृतींना चार तास लागतात, आणि व्याख्या फळ्यावर लिहून देण्यास चार मिनिटे पुरतात. हे खरे आहे. पण त्या चार मिनिटांत शब्द मिळतो, अर्थ मिळत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मातृभाषेतील आणि अनुभवातून होणाऱ्या शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. या दोन गोष्टी वेगवेगळ्या राबविल्या गेल्या, तर एकीकडे नव्या परिभाषेची ओझी आणि दुसरीकडे शब्दांवाचून केलेली खेळणी एवढेच हाती येईल.

आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे कामाचे मोठे क्षेत्र मोकळे आहे. मोटार भरणाऱ्यांच्या दुकानांत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कार्यशाळांत, वायरमनच्या बोलण्यात विजेविषयीचे शेकडो प्रयोग जिवंत आहेत. ते गोळा करावेत, त्यांची क्रियापदे आणि विभक्ती तपासावी, आणि कोणत्या प्रयोगामागे परिपथाचे कोणते चित्र उभे आहे हे दाखवावे. असा संग्रह परिभाषाकाराला उपयोगी पडेल, आणि शिक्षकाला त्याहूनही अधिक.

कारण अखेर प्रश्न दोन विद्यार्थ्यांचा आहे, आणि ते दोघेही आपल्याच वर्गात बसलेले आहेत. एक वडिलांच्या विहिरीवरची मोटार दुरुस्त करतो, पण 'चलित्र' हा शब्द वाचून हा आपला विषय नव्हे असे समजून पुस्तक मिटतो. दुसरा 'चलित्र' ची व्याख्या बिनचूक लिहितो, गुण मिळवितो, आणि एका तारेने दिवा लावू पाहतो. पहिल्याला त्याच्या हाताचे शब्द मिळाले नाहीत, दुसऱ्याला त्याच्या शब्दांचे हात मिळाले नाहीत. वाट दोघांचीही अर्ध्यावर तुटलेली आहे. ती जोडून देणे हे एकट्या भौतिकशास्त्राचेही काम नव्हे आणि एकट्या भाषाविज्ञानाचेही नव्हे.